पन्नास हर्ट्झचा शेजार: बास गिटारीला प्रीअँप जोडताना

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, वरातीतली बेंजो पार्टी आणि महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातला बँड यांचे संगीत वेगवेगळे असले, तरी त्यांच्या वाद्यांत एक गोष्ट समान असते. पोलादी तारेचे कंपन तेथे थेट विजेत रूपांतरित होते. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते मूळचे बुलबुलतरंग. त्याच्या तारांखाली चुंबक आणि तारेची गुंडाळी बसवली, की त्याचा आवाज चौकभर पोहोचतो. बास गिटार हे याच जातीचे, पण खर्जात वाजणारे वाद्य आहे.

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात विजेवर चालणारी वाद्ये वाजवणारी पुष्कळ तरुण मुले आहेत. त्यांतली काही आयटीआयमध्ये शिकतात, तर काही कारखान्यात काम करतात. त्यांच्यापैकी कोणाकडे साधी, बॅटरी नसलेली बास असते आणि तिच्यात नवा प्रीअँप बसवायची इच्छा असते. प्रीअँप म्हणजे पूर्वप्रवर्धक. मुख्य प्रवर्धकाकडे जाण्याआधी संकेतावर काम करणारे हे एक छोटे परिपथ-कार्ड असते. 'प्रीअँप बसवला की आवाज मोठा होतो' असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण चुकीचा नाही, पण मुख्य मुद्दा त्यात निसटतो. आवाज मोठा करण्यासाठी अँपवरचे बटण असतेच. प्रीअँपचे खरे काम क्षीण संकेताला वाटेत सांभाळण्याचे आहे. ते कसे होते, आणि जोडणीत कोठे काळजी घ्यावी लागते, हे या लेखात पाहू.

तारेपासून विजेपर्यंत

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ साली, अमेरिकेत जॉर्ज बोशाँ यांनी हे तत्त्व गिटारीला लावून पिकअप तयार केला. लिओ फेंडर यांची 'प्रिसिजन' ही बास गिटार १९५१ मध्ये बाजारात आली. त्यापूर्वी खर्जासाठी माणसाच्या उंचीचे, उभे धरून वाजवायचे डबल बास हे वाद्य वापरावे लागे.

पिकअपची रचना साधी आहे. प्रत्येक तारेखाली लहान चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे आठ ते दहा हजार वेढे असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः थोडी चुंबकित होते. ती हलली की वेढ्यांतून जाणारे क्षेत्र हलते आणि टोकांशी काही दशांश व्होल्टपर्यंतचा प्रत्यावर्ती दाब मिळतो. तार तांब्याची किंवा नायलॉनची असेल तर हा पिकअप मुका राहतो.

औद्योगिक पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांना हे तत्त्व वेगळ्या नावाने ओळखीचे असते. मोटारसायकलच्या मॅग्नेटोजवळ जी पल्सर कॉइल असते, तीही चुंबक आणि वेढे यांचीच बनलेली असते. फिरत्या चाकावरचा पोलादी उंचवटा तिच्यासमोरून गेला की दाबाचा एक ठोका उमटतो आणि ठिणगी केव्हा टाकायची ते कळते. मोटारीच्या एबीएस ब्रेकमध्ये चाकाचा वेग मोजणारा जुन्या पद्धतीचा सेन्सरही असाच असतो. बासच्या तारेऐवजी तेथे दातेरी चक्र हलते, इतकाच फरक.

अशक्त स्रोत

पिकअपचा दाब कमी आहे, ही त्याची लहान अडचण. मोठी अडचण अशी, की त्या दाबामागे ताकद नाही. वेढ्यांचा रोध ८ ते १० किलोओहम असतो. शिवाय वेढ्यांच्या प्रवर्तनामुळे वारंवारता वाढेल तसा प्रवाहाला विरोध वाढत जातो. रोध आणि प्रवर्तन मिळून होणाऱ्या एकूण विरोधाला संरोध म्हणतात. प्रवर्तन ४ हेन्री धरले, तर १,००० हर्ट्झला एकट्या त्याचाच विरोध सुमारे २५ किलोओहम होतो आणि ३,००० हर्ट्झला ७५ किलोओहम. अशा स्रोतातून थोडाही प्रवाह ओढला तर त्याचा दाब कोसळतो.

ही गोष्ट वर्गात सहज दाखवता येते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १ मेगॉओहमचे दोन रेझिस्टर एकसर जोडा. त्यांच्या मधल्या बिंदूवर हिशेबाने ४.५ व्होल्ट असायला हवेत. काट्याच्या, प्रति व्होल्ट २० किलोओहम संवेदनक्षमतेच्या मल्टिमीटरने १० व्होल्टच्या पल्ल्यावर मोजल्यास मात्र सुमारे १.३ व्होल्टच दिसतात. मीटरचा स्वतःचा २०० किलोओहमचा रोध खालच्या रेझिस्टरला समांतर येतो आणि मोजायला गेलेला मीटरच दाब खाली ओढतो. १० मेगॉओहम रोधाच्या डिजिटल मीटरने तोच बिंदू ४.३ व्होल्ट दाखवतो. बारावीच्या पदार्थविज्ञानात व्होल्टमीटरपेक्षा पोटेन्शिओमीटर श्रेष्ठ का, याचे उत्तर हेच आहे. संतुलनाच्या क्षणी तो स्रोताकडून प्रवाह घेतच नाही.

बासच्या पिकअपवर असाच भार दोन ठिकाणी पडतो. एक, आवाजाच्या व टोनच्या पॉटचा. दुसरा, आणि सहसा लक्षात न येणारा, अँपकडे जाणाऱ्या केबलचा. शील्डच्या केबलमध्ये मधली तार आणि भोवतीची जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटरच बनतो. त्याची धारिता साधारणपणे दर मीटरला १०० पिकोफॅरड असते. पाच मीटर केबलचे ५०० आणि कॉइलची स्वतःची व आतल्या वायरिंगची मिळून १०० धरली, तर एकूण ६०० पिकोफॅरड होतात. ४ हेन्रीच्या कॉइलबरोबर ही धारिता सुमारे ३,२०० हर्ट्झला अनुनादित होते आणि त्यापुढचे स्वर झपाट्याने मंदावतात. केबल दूर करून फक्त १०० पिकोफॅरड ठेवले, तर हीच मर्यादा सुमारे ८,००० हर्ट्झपर्यंत सरकते. बासचे मूळ स्वर खर्जातले असले, तरी बोट तारेवर पडल्याचा खणखणीतपणा वरच्या वारंवारतांमध्ये असतो. लांब केबलने बास 'दबल्यासारखी' वाजते ती यामुळे.

पन्नास हर्ट्झचा शेजार

आता खरा प्रश्न. चार तारांच्या बासवरील मोकळ्या तारांच्या वारंवारता ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ असतात. सर्वांत जाड तार तिसऱ्या पट्टीवर दाबली की ४९ हर्ट्झ मिळतात. आपल्या घरातील, कारखान्यातील आणि मंडपातील वीज ५० हर्ट्झची आहे, आणि तिच्यापासून उपजणारी दुसरी गुणगुण १०० हर्ट्झची. म्हणजे विजेची गुणगुण बासच्या स्वरांच्या अगदी मधोमध येऊन बसते. ४९ आणि ५०, ९८ आणि १०० असा हा शेजार आहे.

याचा परिणाम महत्त्वाचा आहे. गायकाच्या आवाजात ५० हर्ट्झ मिसळले तर फिल्टर लावून ते काढता येतात, कारण गाण्याचे स्वर त्याहून वर असतात. बासच्या बाबतीत फिल्टर लावला तर गुणगुणीबरोबर स्वरही जातो. एकदा आत शिरलेली गुणगुण पुढे वेगळी काढता येत नाही, म्हणून ती आत शिरण्यापूर्वीच अडवावी लागते. शेजारी वेल्डिंग चालू असेल, एकाच लाइनवर मोटारी असतील, तर हे काम आणखी अवघड होते.

गुणगुण तीन वाटांनी येते. पहिली वाट चुंबकीय क्षेत्राची. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा मोटारीचे बदलते क्षेत्र पिकअपच्या वेढ्यांतून जाते, आणि फॅरडेंचा नियम तार कोणती आणि ट्रान्सफॉर्मर कोणता हा भेद करत नाही. यावर उपाय दोन कॉइलींचा. त्यांचे वेढे आणि चुंबक दोन्ही एकमेकांच्या उलट ठेवले, की तारेचे संकेत एकमेकांत मिळतात आणि बाहेरची गुणगुण एकमेकींना छेदते. प्रिसिजन बासचा १९५७ पासूनचा दुभंगलेला पिकअप असाच आहे.

दुसरी वाट विद्युत क्षेत्राची. भिंतीतल्या वायरिंगमधून आतल्या उघड्या तारांवर अत्यल्प प्रवाह उतरतो. पॉट बसवलेल्या खोबणीला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो ग्राउंडला जोडला की ही वाट बंद होते. हा पत्रा चुंबकीय क्षेत्राला मात्र अडवत नाही.

तिसरी वाट केबलची, आणि प्रीअँपचा उपयोग येथे आहे. समजा, केबलवर ०.०१ मायक्रोअँपिअर इतका उपद्रवी प्रवाह उतरतो. साध्या बासमध्ये २५० किलोओहमचा आवाजाचा पॉट रोधाच्या दृष्टीने मध्यावर असेल, तर केबलला मागे सुमारे ६४ किलोओहम 'दिसतात'. ओहमच्या नियमाने गुणगुण ०.६४ मिलिव्होल्ट होते. मध्ये प्रीअँप आला आणि त्याचा बाहेरचा संरोध १ किलोओहम असला, तर तोच प्रवाह केवळ ०.०१ मिलिव्होल्ट निर्माण करतो. संकेत जराही न वाढवता गुणगुण चौसष्टपट घटली.

उलट, पिकअपमध्येच शिरलेल्या गुणगुणीवर प्रीअँपचा काही इलाज चालत नाही. २०० मिलिव्होल्ट संकेतात २ मिलिव्होल्ट गुणगुण असेल, तर तिप्पट केल्यावर ६०० मध्ये ६ मिळतील. प्रमाण शंभरास एक होते, ते तसेच राहील. म्हणून आधी आच्छादन आणि ग्राउंड, मग प्रीअँप, हा क्रम चुकवू नये.

कारखान्यांतही हाच क्रम असतो. बेअरिंगचे कंपन मोजणाऱ्या अनेक सेन्सरांत छोटा प्रवर्धक सेन्सरच्या डबीतच बसवलेला असतो. मोटारींच्या चाकावरचे सेन्सरही आता बहुधा आत इलेक्ट्रॉनिक्स असलेले येतात. क्षीण संकेत गोंगाटातून लांब न्यायचा असेल तर उगमापाशीच त्याला बळ द्यायचे, हे सूत्र सर्वत्र तेच. बासमध्ये ते मोठ्या प्रमाणावर आणले १९७६ च्या म्युझिक मॅन कंपनीच्या 'स्टिंगरे' या वाद्याने.

प्रीअँपच्या पोटात

साध्या प्रीअँपमध्ये टीएल०६२ सारखी एखादी ऑप-अँप चिप, काही रेझिस्टर आणि कपॅसिटर असतात. आत येण्याचा रोध १ मेगॉओहम ठेवतात, म्हणजे पिकअपवर भार जवळजवळ पडत नाही. तिप्पट वाढ हवी असेल, तर १० आणि २० किलोओहमचे दोन रेझिस्टर पुरतात. एक अधिक वीस भागिले दहा, म्हणजे तीन.

ध्वनीचा संकेत शून्याच्या वर आणि खाली हेलकावतो, पण एकट्या बॅटरीला शून्याच्या खालचा दाब देता येत नाही. म्हणून दोन समान रेझिस्टरांनी ९ व्होल्टचे दोन भाग करतात आणि ४.५ व्होल्ट हेच नवे शून्य मानतात. संकेत त्या पातळीच्या वरखाली डुलतो. बॅटरी उतरून ७ व्होल्टवर आली की डुलायला जागा कमी पडते, शिखरे कापली जातात आणि जोराचा स्वर फाटतो. बासचा आवाज फाटू लागला की स्पीकरला दोष देण्यापूर्वी बॅटरी मोजावी.

हे ४.५ व्होल्ट पिकअपकडे किंवा केबलकडे जाऊ नयेत म्हणून आत येताना आणि बाहेर जाताना एकेक कपॅसिटर असतो. दिष्ट दाब अडवायचा आणि संकेत सोडायचा, हे त्याचे काम. १ मेगॉओहमबरोबर ०.१ मायक्रोफॅरड वापरला तर १.६ हर्ट्झच्या वरचे सर्व पार होते. चुकून ०.००१ मायक्रोफॅरडचा लावला, तर ही मर्यादा १५९ हर्ट्झवर जाते आणि चारही मोकळ्या तारांचे मूळ स्वर अडतात.

प्रत्यक्ष जोडणी

तयार कार्ड घ्यावे किंवा सुटे भाग आणून बनवावे. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात. २५ वॉटची टोकदार इस्त्री, रेझिनयुक्त कथील आणि डिजिटल मल्टिमीटर इतकी सामग्री पुरते. कथलात शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि काम संपल्यावर हात धुवावेत.

प्रथम जुन्या जोडणीचे चित्र काढावे आणि प्रत्येक तारेला खूण करावी. आम्ही येथे आवाजाचा पॉट प्रीअँपच्या आधी असलेली जोडणी गृहीत धरली आहे. कार्डाबरोबरचा कागद वेगळे सांगत असेल तर तो पाळावा.

पिकअपची संकेताची तार आवाजाच्या पॉटच्या एका टोकाला, पॉटचे दुसरे टोक ग्राउंडला आणि मधला पाय प्रीअँपच्या प्रवेशाला जोडावा. प्रीअँपच्या बाहेर पडणारी तार जॅकच्या टोकाच्या पत्तीला जाते. पिकअपचे ग्राउंड, पॉटच्या पाठी, तांब्याचा पत्रा, कार्डाचे ग्राउंड आणि ब्रिजकडून येणारी तार या सर्वांना एकाच बिंदूवर आणून जॅकच्या बाहीच्या पत्तीशी जोडावे. ब्रिजची तार काही जण अनावश्यक समजून कापतात. तिच्यामुळेच पोलादी तारा ग्राउंडला जोडल्या जातात आणि वाजवणाऱ्याचे शरीर, जे एरवी एरियलसारखे गुणगुण गोळा करते, तेही शांत होते.

बॅटरीची जोडणी हा या कामातला सर्वांत चतुर भाग. येथे मुद्दाम स्टिरिओ जॅक वापरतात. त्याला टोक, कडे आणि बाही अशा तीन पत्त्या असतात. बॅटरीची लाल तार कार्डाला आणि काळी तार कड्याच्या पत्तीला जोडायची. गिटारच्या केबलचा प्लग मोनो असतो आणि त्याला कडे नसते, म्हणून तो आत घातला की त्याची लांब बाही कडे आणि बाही या दोन्ही पत्त्यांना एकत्र आणते. बॅटरीचा ऋण अग्र ग्राउंडला मिळतो आणि परिपथ सुरू होतो. प्लग काढला की बंद. स्वतंत्र स्विचची गरज नाही. टीएल०६२ च्या परिपथाला सुमारे अर्धा मिलिअँपिअर लागतो, म्हणजे ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ १,००० तास पुरते. पण प्लग रोज रात्री तसाच ठेवला तर हे हजार तास सहा आठवड्यांत संपतात.

झाकण लावण्यापूर्वी चार मोजमापे घ्यावीत. ब्रिज आणि जॅकची बाही यांच्यामध्ये रोध जवळजवळ शून्य असावा. प्लग घातल्यावर बॅटरीतून प्रवाह कार्डाच्या कागदावर दिल्याइतका असावा. प्लग काढल्यावर तो शून्य व्हावा. मधला बिंदू बॅटरीच्या निम्म्या दाबावर असावा, आणि तो डिजिटल मीटरनेच मोजावा. याचे कारण वरच्या प्रयोगात आलेच आहे.

मग अँपला जोडून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टिचकी द्यावी. टिचकी ऐकू आली म्हणजे संकेताची वाट ठीक आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल, तर ब्रिजची जोडणी चांगली आहे, मात्र आच्छादनाला अजून वाव आहे. हात लावल्यावर ती वाढत असेल, तर ब्रिजची तार सुटलेली असण्याचा संभव मोठा.

अर्थची पिन

येथे एक धोका नीट समजून घेतला पाहिजे. ब्रिजची तार केबलच्या जाळीला, जाळी अँपच्या पेटीला आणि पेटी तीन पिनांच्या प्लगमधल्या जाड, लांब पिनेमार्गे जमिनीला जोडलेली असते. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटे सतत अँपच्या पेटीला चिकटलेली असतात असेच म्हणावे लागेल. आत बॅटरीचा प्रीअँप आल्याने यात काही फरक पडत नाही.

गुणगुण थांबत नाही म्हणून ही अर्थची पिन काढून टाकण्याचा किंवा दोन पिनांचा अडाप्टर लावण्याचा उपाय सर्रास केला जातो. गुणगुण कधीकधी खरोखर थांबतेही, आणि म्हणूनच तो घातक आहे. अर्थ शाबूत असताना अँपमध्ये फेजची तार सुटून पेटीला लागली, तर प्रवाह जमिनीकडे वळतो आणि फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर पेटी, जाळी, ब्रिज आणि तारा २३० व्होल्टवर तशाच राहतात, आणि समोरचा माइक ज्याला अर्थ आहे, त्याला ओठ किंवा हात लागताच प्रवाह शरीरातून वाट काढतो. अर्थचा हा दोष माइककडे असला तरी परिणाम तोच. १९७२ साली ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक अर्थ नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच मरण पावला.

दोन उपकरणांच्या अर्थमधून गुणगुण येत असेल, तर सर्व अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवावेत. तेवढ्याने भागले नाही तर डीआय बॉक्सवरची ग्राउंड लिफ्टची कळ वापरावी. ती केवळ संकेताच्या केबलची जाळी तोडते, विजेचा अर्थ तोडत नाही. मंडपातील तात्पुरत्या वायरिंगवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असलीच पाहिजे.

वर्गात करून पाहण्यासाठी

गॅरेजमधून निकामी मोटारसायकलची पल्सर कॉइल मिळवा. ती पंधरा-वीस सेंटिमीटर शील्डच्या केबलने बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अँपला जोडा आणि हॅकसॉचे पाते टेबलाच्या कडेला दाबून कॉइलसमोर थरथरवा. पात्याचा स्वर ऐकू येईल. पाते लहान-मोठे केल्यावर स्वर कसा बदलतो ते नोंदवा. नंतर कॉइल चालू ट्रान्सफॉर्मरच्या बंद पेटीजवळ न्या आणि गुणगुण ऐका. कॉइल जागीच फिरवल्यावर एका विशिष्ट दिशेला गुणगुण कमीत कमी होते. ती दिशा कोणती, आणि का, हे विद्यार्थ्यांना फॅरडेंच्या नियमावरून शोधू द्या.

वरच्या वर्गासाठी दोन उदाहरणे. पाचऐवजी दहा मीटर केबल वापरली तर ४ हेन्रीच्या पिकअपची अनुनाद वारंवारता किती होईल? आणि पाच तारांच्या बासमधील सर्वांत जाड तार ३०.९ हर्ट्झला वाजते. १ मेगॉओहमबरोबर तिचा मूळ स्वर अडू नये म्हणून प्रवेशाचा कपॅसिटर किमान किती मायक्रोफॅरडचा हवा?